चिवट

आमच्या घरात छातीत दुखण्याचे दोन प्रसंग झाले. एक ह्यांचा, एक माझा.

ह्यांचा २०१७ सालचा. रात्रीची जेवणं उरकली होती, हे अंगणात शतपावली घालत होते. मधेच छातीवर हात ठेवून ओट्यावर बसले आणि म्हणाले, "काहीतरी होतंय." पुढच्या वीस मिनिटांत जी धावपळ झाली तशी मी उभ्या नोकरीत फार थोड्या पेशंटांसाठी पाहिली. शेजाऱ्यांची जीप निघाली. दिरांना फोन गेले. मुलगा पुण्याहून निघाला. तो निम्म्या रस्त्यात येईपर्यंत इकडे ईसीजी काढून झाला होता, रक्त तपासायला गेलं होतं, नाकाला ऑक्सिजनची नळी लागली होती. रात्रभर आयसीयू. सकाळी डॉक्टर हसतच बाहेर आले. गॅस होता. रात्री वांग्याचं भरीत जरा जास्तच झालं होतं. पुढे महिनाभर माणसं शहाळी घेऊन भेटायला येत होती. हे तक्क्याला टेकून "थोडक्यात वाचलो" ही कथा लावत आणि मी आत चहाला आधण ठेवत असे.

माझा प्रसंग २०२३ चा. त्या वर्षी श्रावण दोन आले होते, त्यातला दुसरा. सोमवारचा उपास, साबुदाण्याची खिचडी खाल्लेली. संध्याकाळपासून डाव्या खांद्याच्या पात्याखाली कुणी तापलेल्या उलथन्यानं डाग देतंय असं दुखायला लागलं. जबडा जड झाला. मळमळ सुटली. मी म्हटलं, साबुदाणा बाधला, पित्त झालं. आमसुलाचं पाणी प्याले. मग थंड दूध. मग आल्याचा रस. दुसऱ्या दिवशी गच्चीवर वाळवण आणायला चढले तर सहाव्या पायरीवर धाप लागली, तेव्हा म्हटलं, वय झालं.

हे सगळं कोण म्हणत होतं? ग्रामीण रुग्णालयात ३४ वर्षं सिस्टर म्हणून नोकरी केलेली बाई. हीच लक्षणं दुसऱ्या कुणी ओपीडीत सांगितली असती तर मी तिला दंडाला धरून टेबलावर आडवी केली असती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओट्यापाशी भोवळ आली. सुनेनं रिक्षात घातलं. कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर होते. हुशार असतील, नाही असं नाही. त्यांनी विचारलं, "मावशी, कसलं टेन्शन घेता का? घरी सगळं ठीक आहे ना?" आणि सुनेकडे एकदा पाहिलं. पित्ताचं इंजेक्शन दिलं, खुर्चीवर बसवलं. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाचा ईसीजी दहा मिनिटांत निघाला पाहिजे, हे मीच किती नव्या मुलींना शिकवलं होतं. मी त्या खुर्चीवर पाऊण तास बसले. तिथले एक जुने कंपाउंडर मला ओळखत होते. ते जाता जाता म्हणाले, "सिस्टर, घाबरता काय? बाईची जात चिवट असते."

मला त्या अवस्थेत हसू आलं. कारण हे वाक्य माझं होतं.

शेवटी माझ्या सुनेनंच आवाज चढवला, जिच्यामुळे मला टेन्शन आहे की काय असा संशय होता तिनं. ईसीजी निघाला. डॉक्टरांचा चेहरा बदलला, मला एक गोळी चावून खायला दिली, अँब्युलन्स आली, आणि दोन तासांवरच्या शहरात मला एक स्टेंट बसला. ह्यांना भेटायला आलेली माणसं मलाही भेटायला आली. त्यांना चहा सुनेनं केला. हे शेजारी बसून स्वतःच्या २०१७ च्या रात्रीबद्दल सांगत होते.

सक्तीच्या विश्रांतीत माझी भाची पंधरा दिवस येऊन राहिली. ती नागपूरला मेडिकलच्या मुलांना शिकवते. रोज सकाळी ती माझ्या तळहातावर गोळ्या ठेवायची, त्यातली एक अ‍ॅस्पिरिनची. एकदा म्हणाली, "मावशी, हिची एक गंमत सांगू?" निरोगी माणसानं अ‍ॅस्पिरिन घेतली तर हृदयाचा झटका टळतो का, याचा अमेरिकेत मोठा अभ्यास झाला होता. २२,०७१ डॉक्टरांवर. सगळेच्या सगळे पुरुष. झटके खूप कमी झाले, १९८९ मध्ये निकाल छापून आला, गाजला. तिकडे १९७७ पासून सरकारी सूचनाच होती की मूल होण्याच्या वयातल्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांत घेऊ नका. मग बायकांचं काय, याचं उत्तर यायला २००५ साल उजाडलं. जवळजवळ ४०,००० बायकांवर अभ्यास केला तेव्हा निघालं वेगळंच. त्यांचा पहिला झटका या गोळीनं फारसा टळत नव्हता, मेंदूचा झटका मात्र काहीसा कमी होत होता. (माझ्यासारखं ज्यांना एकदा होऊन गेलंय त्यांना गोळी लागतेच. कुणी हे वाचून आपली बंद करू नये.)

म्हणजे मधली सोळा वर्षं बाईचं हृदय पुरुषाच्या मापानं मोजलं. शिंप्याकडे नवऱ्याचा शर्ट नमुना म्हणून द्यायचा आणि पोलकं शिवून आणायचं, तसं. झटक्यात बायकांच्याही छातीतच दुखतं बहुतेक वेळा, पण त्याबरोबर पाठ, जबडा, मळमळ, धाप, नुसता थकवा हे त्यांच्यात जास्त दिसतं. आणि तेवढंच दिसलं की त्याला नाव मिळतं पित्त. नाहीतर टेन्शन.

पण मला डॉक्टरांच्या चुकांची यादी करायची नाही. त्या 'चिवट' शब्दाशी माझा जुना हिशेब आहे.

१९९० च्या आसपासची गोष्ट. मी लेबर रूमला रात्रपाळीला होते. तांड्यावरून एक पोरगी आली, पहिलटकरीण, असेल अठराची. तिच्यासोबत आलेली म्हातारी दाराबाहेर जमिनीवर बसली, बाकावर बस म्हटलं तरी बसली नाही. बाळंतपण झालं, चीर द्यावी लागली होती, टाके घालायचे होते. टाके घालण्याआधी ती जागा बधिर करायचं इंजेक्शन देतात. आमच्याकडे त्या रात्री एकच बाटली होती आणि तिच्यात थोडंच उरलं होतं. पलीकडच्या टेबलावर गावातल्या मास्तरांची बायको कळा देत होती. कुणी ठरवलं, कसं ठरवलं, शब्दांत काही बोलणं झालंच नाही. बाटली मास्तरांच्या बायकोसाठी राहिली. मी त्या पोरीचे पाय धरले.

तिनं ओढणीचा बोळा तोंडात घातला होता. आवाज केला नाही. फक्त तिच्या मांड्या माझ्या हातांखाली थरथरत होत्या, पाण्यातल्या मासोळीसारख्या. काम झाल्यावर मी हात धुता धुता म्हटलं, आणि कौतुकानंच म्हटलं, "चिवट आहे गं. तांड्यावरच्या बायकांना काही होत नाही, उसाच्या फडात बाळंत होतात त्या."

मास्तरांच्या बायकोनं रुग्णालय डोक्यावर घेतलं होतं. तिला भूल मिळाली, वर तीनदा विचारपूसही झाली. जी ओरडली नाही तिला दुखत नाही, असं आम्ही धरून चाललो. आणि जी ओरडायची तिला, ती गरीब घरची असली तर, आम्ही काय बोलायचो ते इथं लिहिण्यासारखं नाही. लेबर रूममध्ये काम केलेल्यांना ठाऊक आहे.

भाचीला हे सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, अमेरिकेत २०१६ साली एक अभ्यास झाला. व्हर्जिनिया विद्यापीठात मेडिकलचे गोरे विद्यार्थी आणि शिकाऊ डॉक्टर मिळून २२२ जणांना काही विधानं दिली, खरी-खोटी ओळखा म्हणून. काळ्या माणसांची कातडी गोऱ्यांपेक्षा जाड असते. त्यांच्या नसांची टोकं कमी संवेदनशील असतात. असली. निम्म्या जणांना यातलं एक तरी विधान खरं वाटलं. आणि ज्यांना वाटलं त्यांनी काळ्या पेशंटचं दुखणं कमी धरलं, त्याला औषध सुचवतानाही जास्त चुका केल्या. शिकलेली मुलं, पुढे डॉक्टर होणारी, एकविसाव्या शतकात. मला त्यांचा राग करता येईना. ती जाड कातडी मी आमच्या टेबलावर पाहिली होती, म्हणजे पाहिली असं मला वाटलं होतं.

मग तिनं मला सिम्सबद्दल सांगितलं.

नर्सिंग केलेल्या कुणालाही हा शब्द नवा नाही. बायकांची आतून तपासणी करायला जी दोन बाजूंना बदकाच्या चोचीसारखी वाकलेली पट्टी असते, ती सिम्स. "सिस्टर, सिम्स द्या," की आम्ही ट्रेमधून चिमट्यानं उचलून द्यायचो. हजारो वेळा दिली असेल. उकळली, पुसली, ड्रममध्ये भरून ऑटोक्लेव्हला लावली. तांब्याला तांब्या म्हणतात तसं सिम्सला सिम्स म्हणतात, इतकंच मला माहीत. तो माणूस होता हे साठी उलटल्यावर कळलं.

जे. मेरियन सिम्स, अलाबामातल्या माँटगोमेरी गावचा डॉक्टर. बाळंतपण दोन-तीन दिवस अडून राहिलं की कधी कधी मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये भोक पडतं आणि बाईची लघवी सतत गळत राहते. आम्ही अशी एक बाई पाहिली होती. तिला तिच्या माणसांनी गोठ्यात ठेवलं होतं. सिम्सनं या दुखण्यावर शस्त्रक्रिया शोधून काढली, १८४५ ते १८४९ या काळात, गुलाम काळ्या बायकांवर. त्यांच्या मालकांनी त्या त्याच्याकडे आणून सोडल्या होत्या. बारा एक जणी असाव्यात, नावं तिघींचीच राहिली: अनार्का, बेट्सी, लूसी. अनार्कावर तीस वेळा शस्त्रक्रिया झाली. भूल न देता. १८४६ मध्ये बोस्टनला ईथरची भूल सगळ्यांसमोर देऊन दाखवली होती, तरी तो भुलीशिवायच करत राहिला. पुढे न्यूयॉर्कला जाऊन त्यानं बायकांचं रुग्णालय काढलं, स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणून नाव झालं, पुतळा उभा राहिला. तो पुतळा सेंट्रल पार्कजवळून २०१८ मध्ये हलवला. पहिल्यांदा आत पाहायला त्यानं एक चमचा वाकवून घेतला होता म्हणे, त्यातूनच पुढे ही पट्टी झाली.

शोध खोटा नव्हता. त्या शस्त्रक्रियेनं पुढे असंख्य बायकांची गळती थांबली. अवजारही चांगलं आहे, आजही त्याच्यावाचून ओपीडी चालत नाही. पण चमचा म्हटला की मला ती तांड्यावरची पोरगी दिसते, आणि तिचे पाय धरणारे हात. अनार्काचेही पाय कुणीतरी धरले असतील. सिम्सच्या हाताखालचे सहायक पुढे कंटाळून येईनासे झाले तेव्हा त्या बायकांनीच एकमेकींना धरलं.

मराठीत एक वाक्प्रचार आहे, दुखणं अंगावर काढणं. साडी अंगावर असते, दागिने अंगावर असतात, बाळ अंगावर पितं, आणि दुखणंही बाई अंगावरच काढते. पाळीत जास्त रक्त गेलं की 'अंगावरून जातंय' म्हणतात, पांढरं पाणी गेलं तरी तेच. ओपीडीत तेवढंही कुणी म्हणत नाही. "कंबर दुखती" म्हणतात. नोकरीच्या पहिल्या वर्षात मी कंबरेला मलम देऊन पाठवत होते. मग एका जुन्या आयाबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "सिस्टर, कंबर म्हनली की पडदा वढायचा आन् पुरुस मानूस भाईर घालायचा. मग इचारायचं." तेव्हापासून पडदा ओढू लागले. पडद्याआड कंबर कधीच दुखत नसे.

पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे मराठीतून साक्ष दिली, तीत हेच होतं. या देशातल्या बायका मरण पत्करतील पण पुरुषापुढे आपलं दुखणं बोलणार नाहीत, बायकांना डॉक्टर करा. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून १८८६ साली डॉक्टर झाल्या, कोल्हापूरच्या रुग्णालयात बायकांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी ठरली होती, आणि पुढच्याच फेब्रुवारीत क्षयानं गेल्या. बावीसही पुरी नव्हती.

रमाबाईंच्या साक्षीनंतर शंभरावर वर्षांनी डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. दुखणं घेऊन दवाखान्यात आलेल्या नव्हेत, गावातल्याच, तक्रार असलेल्या आणि नसलेल्याही. तोवर गरीब देशातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच मोजत. पोटात मूल असेल तर बाईला पोट आहे. त्या ६५० पैकी ९२ टक्के बायकांना गर्भाशयाचा, योनिमार्गाचा, पाळीचा कसला ना कसला आजार निघाला. एकेकीला सरासरी साडेतीनहून जास्त. आणि यापूर्वी कधी आतून तपासणी झालेल्या किती? आठ टक्के. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं ते १९८९ च्या जानेवारीत. ज्या वर्षी २२,०७१ पुरुषांचा निकाल आला, त्याच वर्षी.

मी तेव्हा नोकरीत नवी होते, इकडे माझ्या जिल्ह्यात अशाच बायकांच्या कंबरेला मलम देत होते. ९२ टक्के हा आकडा भाचीनं सांगितला तेव्हा ती थांबली, मला धक्का बसेल म्हणून. मला त्या आठ टक्क्यांचं नवल वाटलं. एवढ्या कशा तपासल्या गेल्या असतील?

आमचा तालुका ऊसतोडीचा. दसरा-दिवाळीला गाव रिकामं होतं, पाडव्याच्या पुढेमागे भरतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती त्या एका कोयत्यावर, त्यामुळे दोघांतलं एक जरी आजारी पडलं तरी खाडा पडतो, त्या दिवसाची तोड तर जातेच, वर दंड. फडावर पाल ठोकलेलं. न्हाणीघर नाही, संडास नाही, पाणी कुणाच्या तरी विहिरीचं. पहाटे चारला उठून भाकऱ्या, मग तोड, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, पाळी असो नसो. अशा जागी पाळी म्हणजे महिन्याला चार दिवसांचा खाडा. जंतुसंसर्ग होणार नाही तर काय?

मग एप्रिलमध्ये आमच्या ओपीडीत रांग. "कंबर दुखती." आम्ही गोळ्या द्यायचो, पंधरा दिवसांनी या म्हणायचो. पंधरा दिवसांनी कोण येतं. त्या शहरातल्या खाजगी दवाखान्यात जायच्या, सोनोग्राफी व्हायची, पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल असं कुणी सांगायचं. पिशवी म्हणजे गर्भाशय. मुलं झालेली, नसबंदी झालेली, आता त्या पिशवीचं काम काय? पंचविशी-तिशीतल्या पोरी पिशवी काढून मोकळ्या व्हायच्या, आणि त्यासाठी घेतलेलं कर्ज फेडायला पुढच्या हंगामात पुन्हा उचल. काहींच्या पिशवीबरोबर बीजकोशही काढलेले. मग तिशीतच अंगातून वाफा, सांधेदुखी, हाडं ठिसूळ. पुन्हा आमच्या रांगेत. आता मात्र खरोखरच कंबर दुखत असायची.

एकीला मी रागावले होते, "अगं कशाला काढलीस?" ती म्हणाली, "तुमी काय दिलतं, बाई? गोळ्याच ना."

२०१९ मध्ये हे राज्यभर गाजलं. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ पिशव्या काढल्याचं विधिमंडळात सांगितलं गेलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिनं ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी केली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्याच सुमारास जिल्ह्यात सिव्हिल सर्जनच्या परवानगीशिवाय पिशवी काढायची नाही असा नियम झाला. चांगला नियम. पण फडावर न्हाणीघर असतं तर निम्म्या फायली त्यांच्यापर्यंत गेल्याच नसत्या, हे माझं मत, त्याला समितीचा आधार नाही, ३४ वर्षांचा आहे.

आणि मुळात अंगात रक्त किती? लाल गोळ्या मी आयुष्यभर वाटल्या. खालची पापणी ओढून पाहायची सवय इतकी लागली की बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईचीही ओढावीशी वाटते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी, पुरुषांत २५ टक्के. यातही हिमोग्लोबिनची रेघ पुरुषांसाठी तेरावर मारलेली असते, बायकांसाठी बारावर. नसबंदीचं विचारूच नका. त्याच पाहणीत लग्न झालेल्या जोडप्यांत बायकोची झालेली जवळपास ३८ टक्के, नवऱ्याची ०.३. आमच्या भागात 'ऑपरेशन झालं का?' हा प्रश्न पुरुषाला कुणी विचारतच नाही.

कोविडात निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. वॉर्डात माझ्या गळ्यात ऑक्सिमीटर असायचा, दोरीला बांधलेला, शाळेच्या शिट्टीसारखा. बोटाला लावायचा, आकडा वाचायचा. आकड्यावर खाट, आकड्यावर ऑक्सिजन. मेंदी आणि नेलपॉलिश पुसून घ्या एवढं आम्हाला सांगितलं होतं. ऊसतोडीच्या, वीटभट्टीच्या माणसांची बोटं मी लावत होते, उन्हानं करपलेली, काळीभोर. ते यंत्र बोटातून लाल उजेड पार करतं आणि किती शोषला गेला त्यावरून हिशेब मांडतं. कातडीचा रंगही उजेड शोषतो. २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत मिशिगनच्या डॉक्टरांनी छापलं, की यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन ८८ च्या खाली, असं गोऱ्या पेशंटांत ३.६ टक्के वेळा झालं आणि काळ्या पेशंटांत ११.७ टक्के. तिप्पट. आमच्याकडे तेव्हा हे कुणी बोललं नाही. "चौऱ्याण्णव आहे, घरी जा, चिवट आहात तुम्ही लोक," असं मी किती जणांना म्हटलं.

यंत्र तरी बोटाला टेकत होतं. बाबासाहेबांनी एक पत्र नोंदवून ठेवलंय, काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचं, 'यंग इंडिया'त १२ डिसेंबर १९२९ ला छापलेलं. त्याची बायको बाळंतीण, दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. बऱ्याच विनवण्यांनी आला, फी दोन रुपये, तीही वस्तीबाहेरच तपासेन या अटीवर. त्यानं थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्यानं नवऱ्याच्या, नवऱ्यानं बायकोच्या. पाहून झाल्यावर त्याच वाटेनं परत. न्यूमोनिया आहे म्हणाला आणि गेला. पुन्हा आला नाही. ती बाई गेली.

मी हे पत्र वाचून रडले वगैरे नाही. मी हिशेब करत बसले. ओल्या बाळंतिणीला ताप, म्हणजे आधी पोट दाबून पाहायचं, अंगावरून जाणारं तपासायचं, स्तन पाहायचे. यातलं काहीच चार हात लांबून होत नाही. आमच्या दवाखान्यात शिवाशिव नव्हती, सगळ्यांना एकच थर्मामीटर होता. पण ती म्हातारी बाकावर बसली नाही, आणि दुसऱ्यांदा बस म्हणायला मीही थांबले नाही.

गेल्या महिन्यातली गोष्ट. आमच्याकडे धुण्याभांड्याला येते ती आक्का, पन्नाशीची, भांडी घासता घासता मोरीतच बसली. पदर तोंडाला लावून म्हणाली, "पित्त खवळलंय, बाई. जरा ववा द्या." मी पाहिलं, कपाळावर घाम. पाठीत दुखतंय का विचारलं, तर म्हणाली कंबरंपासनं वर.

ओवा दिला नाही. हातपाय पुसायलाही दिले नाहीत. ह्यांना रिक्षा आणायला पिटाळलं. हे म्हणाले, "अगं, पित्तच असेल तिला." मी म्हटलं, "तुम्हाला भरीत झालं होतं, तेव्हा जीप लागली होती." हे चपला शोधायला लागले.

तीच कॅज्युअल्टी. तरुण डॉक्टर बदलून गेले होते, दुसरे होते. मी काऊंटरपाशी उभी राहून म्हटलं, "आधी ईसीजी, मग केसपेपर." माझा आवाज ओपीडीतला निघाला असावा, कारण सगळे हलले. सहा मिनिटांत पट्टी निघाली. दोन तासांनी परत एकदा काढली. रक्तही तपासलं. सगळं व्यवस्थित. डॉक्टर म्हणाले, "पित्त आहे, मॅडम."

आक्का परतीच्या रिक्षात माझ्यावर फुगून बसली होती. "म्हनलं हुतं ना म्या, पित्त हाय. अर्धा दिवस गेला. पलीकडल्या दोन घरांचा खाडा पडला, त्यो कोन देनार?"

मी देते म्हटलं.

थोडं पुढे गेल्यावर तिनं पिशवीतून ती गुंडाळलेली ईसीजीची पट्टी काढली, मांडीवर उलगडली, उलटी-सुलटी करून पाहिली. "ह्यो कागुद माझ्यापाशीच ऱ्हाऊ द्या," म्हणाली. "जावंला दावते. तिच्या नवऱ्याचा काडला हुता मागं, तर वरीसभर सांगत हुती."